मी बनवलेल्या बाईचा फोन

भुतंखेतं, भानामती, बाहेरचं... असलं काही कुणी बोलायला लागलं की मी तिथून उठून चहा टाकायला जाणारी बाई आहे. सासरी गावाकडे जत्रेत कुणाच्या अंगात येतं तेव्हा मी पहिल्या रांगेत उभी राहून मोबाईल बघत असते, एवढी निगरगट्ट. त्यात माझं कामच संशय घेण्याचं. समोरचा म्हणतो, मी अमुक आहे. बरं, मग पटव! त्यामुळे हे वाचून "हिला कुणीतरी छान गंडवलंय" असं तुमच्या मनात आलं तर येऊ दे. सगळ्यात आधी ते माझ्याच मनात आलं होतं.

मी वैशाली. आमचं ऑफिस नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नरजवळ, एका मिठाईच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. माणसं अकरा, एसी दोन, त्यातला एक चालू. हल्ली कधी कधी फोन येतो तेव्हा स्क्रीनवर नुसता नंबर न दिसता कंपनीचं नाव दिसतं, शेजारी हिरवी खूण, आणि खाली एका ओळीत फोन कशासाठी तेही... 'डिलिव्हरी', 'रिपोर्ट तयार' वगैरे. ती हिरवी खूण द्यायच्या आधी कंपनी खरी आहे का, फोन करणारा तिचाच माणूस आहे का, हे कुणीतरी तपासावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. कारण चोरटे हल्ली आपल्या फोनवरून तुमच्या स्क्रीनवर हवा तो नंबर उमटवतात. बँकेचा, पोलिसांचा, अगदी तुमच्या घरातल्या माणसाचासुद्धा.

आमचा पहिला नियम म्हणजे आलेल्या फोनवर विश्वास ठेवायचा नाही. फोन ठेवायचा, आपल्या कागदावर असलेला नंबर आपण स्वतः लावायचा आणि ठरलेले पाच प्रश्न विचारायचे. याला आम्ही 'उलटा फोन' म्हणतो. पाचही उत्तरं बरोबर आली तरच पुढे. नऊ वर्षं मी हेच करतेय, आणि सांगते, चांगलं करते. दोन मोठ्या हॉस्पिटलांच्या नावाने फोन करणारे भामटे मी एकटीने पकडलेत.

आता आईबद्दल. माझी आई पंचवटीत मखमलाबाद नाक्याजवळ राहते, दुसऱ्या मजल्यावर, एकटी. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. मी इंदिरानगरला. स्कूटीवर अर्धा तास, रामकुंडावर यात्रेकरूंच्या बस आल्या असतील तर पाऊण. म्हणजे जवळच. "जवळच आहे, कधीही जाता येईल" असं म्हणत मी किती महिने गेले नाही ते मलाच माहीत.

पण आमचं रोजचं बोलणं होतं, असं मला वाटायचं. म्हणजे असं की, नवी कंपनी नोंदवली की तिचं नाव स्क्रीनवर नीट येतं का हे बघायला आम्हाला बाहेरचा एखादा फोन लागतो, ऑफिसच्या वायफायवर नसलेला, जुना, साधा. मी आईचा नंबर दिला होता. रोज दोन-तीन चाचणी फोन तिला जायचे.

"आई, काय नाव दिसलं?"

"थांब गं, चष्मा... हां. अमुक कुरिअर. हिरवी खूण आली."

"ठेव."

झालं! चाळीस सेकंद. तिला काम मिळाल्यासारखं वाटायचं, मला माझा चाचणी अहवाल मिळायचा. मधेच ती "जेवलीस का?" असं विचारायची आणि मी घाईने कट करायचे. कारण हे फोन रेकॉर्ड होतात, ऑडिटवाले ऐकतात, त्यात घरगुती बोलणं आलं की लाल शेरा. शेजारच्या काकूंना फोनवरून कुणीतरी फसवलं, तेव्हा मी आईची वेगळी शिकवणीच घेतली होती. हिरवी खूण नसेल तर विश्वास नाही. माझं नाव दिसलं तरी विश्वास नाही, नाव उमटवता येतं. माझा आवाज असला तरी नाही, हल्ली आवाजही नकली करतात. एक प्रश्न विचार ज्याचं उत्तर फक्त मला माहीत असेल. आई शाळेत मॉनिटर होती. तिने सगळं वहीत लिहून घेतलं.

आणि आता सुमन.

या जानेवारीत एका मोठ्या कंपनीला आमचं काम करून दाखवायचं होतं. सर म्हणाले, "वैशालीताई, अकराला ते येतायत, एक खोटी नोंद बनवून ठेवा." पावणेअकरा वाजले होते. मी डाळिंब खात होते. डाळिंबावरून डाळिंबाच्या बागांचं सटाणा आठवलं, आणि सटाणा आईचं माहेर, म्हणून तिकडचं आडनाव देसले टाकलं. कंपनीचं नाव 'सुमन आरोग्य सेवा'. अधिकृत व्यक्ती सौ. सुमन देसले. वय माझंच. जन्मगाव सटाणा. नंबर आमच्या राखीव मालिकेतला, ज्याला कुठलीच लाइन जोडलेली नसते, लावला तर "हा नंबर अस्तित्वात नाही" ऐकू येतं. पाच गुप्त प्रश्नांची उत्तरं मनाला येतील ती ठोकली. ती उत्तरं एकदा भरली की मलाही परत दिसत नाहीत, कॉम्प्युटर फक्त बरोबर की चूक तेवढं सांगतो.

फॉर्मच्या तळाशी 'चाचणी नोंद' असा एक बारका चौकोन असतो. त्यात खूण करायची मी विसरले. एवढीच चूक माझी. त्यामुळे सुमन देसले आमच्या यंत्रणेत खऱ्या बाईसारखी जाऊन बसली.

मार्चमधली गोष्ट. सोमवार, सकाळचे अकरा. आमचा तांत्रिक बाजू बघणारा इरफान माझ्या टेबलाशी आला. मूळचा मालेगावचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, अत्यंत थंड डोक्याचा माणूस.

"मॅडम, ये सुमन आरोग्य सेवा कुणाची पार्टी आहे?"

"कुणाची नाही. माझी खोटी नोंद आहे ती. का?"

"खोटी कशी? रोज कॉल जातायत. चार वाजून दहा मिनिटांनी. एकाच नंबरवर. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं, एकदा तर अडीच तास..."

त्याने कागद पुढे केला. तो एकच नंबर आईचा होता.

खोटं कशाला सांगू, भूतबित नाही आलं डोक्यात. डोक्यात आलं ते हे की कुणीतरी आपली यंत्रणा फोडली, खोटी नोंद शोधली आणि माझ्या आईला पकडलं. सत्तरीची बाई, एकटी, आणि मीच तिला हिरव्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवायला शिकवलेलं! मी तिथल्या तिथे माझ्या मोबाईलवरून आईला फोन लावला.

"हॅलो आई, मी बोलतेय."

"कोण मी?"

"अगं वैशू!"

"नाव दिसतंय मला. पण नाव दिसलं म्हणजे तूच असशील असं कुठे? तूच सांगितलंस ना."

एवढ्या काळजीतही मला हसू आलं. म्हटलं, शाब्बास, माझीच विद्यार्थिनी. "बरं बाई, विचार काय विचारायचं ते."

"गेल्या मंगळवारी मी तुला काय सांगितलं?"

मी आठवून बघितलं. मंगळवारी चाचणी फोन केला होता, एका पॅथॉलॉजी लॅबचा. नाव आलं, खूण आली, ठेव. आणखी काय?

"आई, कामात होते गं. नाही आठवत."

ती मग म्हणाली, "ठेवते मग. रागावू नका हं, तुम्ही जे कोण असाल ते."

अहोजाहो! माझ्या आईने मला अहोजाहो केलं आणि फोन ठेवला. परत लावला, उचलला नाही. पाच वेळा लावला. ऑफिसच्या फोनवरून लावला, तर तिथेही तोच प्रश्न, तेच "रागावू नका हं." नऊ वर्षं मी लोकांना दारं लावायला शिकवत होते आणि आता मीच दाराबाहेर उभी होते.

मग जे आमच्या नियमात बसतं ते मी केलं. उलटा फोन. इरफान म्हणाला, "लागणारच नाही, मॅडम. इस पे लाइन है ही नहीं." मी स्पीकरवर टाकून नंबर लावला. एक रिंग गेली. इरफानने माझ्याकडे बघितलं. दुसरी रिंग पूर्ण व्हायच्या आत कुणीतरी उचलला.

"बोला ताई. उशीर केलात उलटा फोन करायला."

बाईचा आवाज. माझ्याच वयाचा. साधा, थोडा सटाण्याकडचा हेल. मागे काही नाही. म्हणजे पंखा नाही, रस्ता नाही, भांडं नाही... काहीच नाही.

मी आमचं ठरलेलं वाक्य म्हटलं. हा फोन रेकॉर्ड होतोय, ओळख पटवण्यासाठी पाच प्रश्न विचारते. तिने पाचही उत्तरं दिली. मी एकेक टाइप करत होते आणि स्क्रीन बरोबर, बरोबर, बरोबर दाखवत होती. चौथा प्रश्न होता, लहानपणी घरात कोणतं जनावर होतं. ती म्हणाली, "वासरू." बरोबर. मग जरा हसून म्हणाली, "आधी शेळी लिहिलं होतं तुम्ही. मग खोडून वासरू केलंत."

अहो, ते मी खरंच केलं होतं. ऑफिसात बसून, एकटीने, डाळिंबाने चिकट झालेल्या बोटांनी. खोडलेलं अक्षर कुठे साठत नाही. इरफानने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला आणि परत काढला.

"कोण आहात तुम्ही?" मी विचारलं.

"झाली ना पडताळणी?" ती म्हणाली. "सुमन देसले."

मी म्हटलं, ठीक आहे, सुमनताई, ही नोंद बंद करायची आहे, 'होय, बंद करा' एवढं म्हणा. कारण आमच्याकडे खरी नोंद बंद करायची तर त्या अधिकृत व्यक्तीचा होकार रेकॉर्डवर लागतो. नाहीतर उद्या कुणीही उठून दुसऱ्याची नोंद बंद पाडेल. हा नियम बैठकीत भांडून मीच करून घेतला होता.

"नाही म्हणते मी," ती म्हणाली. "घ्या रेकॉर्डवर. चार दहाला माय वाट बघते."

आणि फोन ठेवला.

मी सरांकडे धावले नाही, पोलिसांकडे गेले नाही. काय सांगणार? मी बनवलेली बाई माझं ऐकत नाही? इरफान म्हणाला, तीन कामाच्या दिवशी तिने फोन उचलला नाही तर नोंद आपोआप बंद होते, तसा नियम आहे. बरोबर. मंगळवारी लावला, पहिल्या रिंगला उचलला. बुधवारी, पहिल्या रिंगला. गुरुवारी मी मुद्दाम सकाळी साडेआठला लावला. "ताई, नाश्ता तरी करू द्या," म्हणाली. माझ्याच नियमांची एकेक कडी मला बाहेरून लागत होती आणि आतून धक्के मारणारी मीच होते.

तुम्ही विचाराल, या चार दिवसांत तू आईकडे का नाही गेलीस बाई? खरं सांगते. सोमवारी संध्याकाळीच गेले होते, तर दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, देवळात असतील, आता बऱ्या आहेत. मी कुलूप बघून सुटकेचा श्वास टाकला आणि परत फिरले. आईसमोर उभं राहायची मला भीती वाटत होती. तिने समोरासमोरही तोच प्रश्न विचारला असता तर?

गुरुवारी दुपारी मात्र अर्धी सुट्टी टाकून गेले. होळकर पुलावर गुजरातच्या बस अडकल्या होत्या, ऊन मी म्हणत होतं, आणि चार वाजायच्या आत पोचायचं म्हणून मी हॉर्नवर हात ठेवूनच बसले होते. पावणेचारला दार वाजवलं.

"अगं बाई! तू? या वेळेला?" आईचा चेहरा असा फुलला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर उभी होते तर काही प्रश्न नाही, पडताळणी नाही. आणि तिच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर होतं.

"हे काय झालं आई?"

"घसरले मोरीत. बारीक चीर आहे हाडाला, भरून येईल म्हणाले."

"कधी?"

"झाले की दहा दिवस."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

आई माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. "सांगितलं होतं की," म्हणाली.

डॉक्टरकडे कुणी नेलं, मी विचारलं. तर म्हणे, कुणी नाही, रिक्षाने गेले. पण सुमन फोनवर होती सगळा वेळ. जिना कसा उतरायचा, रिक्षावाल्याला काय सांगायचं, एक्स-रेच्या रांगेत कुठे बसायचं, सगळं तिने सांगितलं. "फार गुणी मुलगी गं तुझ्या ऑफिसातली. अहिराणी बोलते माझ्याशी. तुझी मावशी गेल्यापासून माझ्याशी कुणी अहिराणी बोललं नव्हतं."

माझ्या ऑफिसातली! हिरवी खूण म्हणजे वैशूच्या ऑफिसातलं माणूस, असा सरळ हिशेब आईचा.

चार दहाला फोन वाजला. मी डोळ्यांनी बघितलं. सुमन आरोग्य सेवा. हिरवी खूण. आणि खाली, जिथे मी नोंदीत 'अपॉइंटमेंट' लिहिलं होतं, तिथे लिहिलेलं होतं 'विचारपूस'. मी झडप घालून उचलला.

"कशी शे माय? जेवनी का?"

नुसता श्वास ऐकला असेल तिने.

"ताई, तुम्ही आहात होय," ती म्हणाली. "मग आज मी ठेवते." आणि खरंच ठेवला.

आई रुसली. "का घेतलास गं? दोन मिनिटं बोलले असते."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊन मी आधी त्या मंगळवारचं रेकॉर्डिंग काढलं. एक्केचाळीस सेकंदांचं. माझा आवाज: "काय नाव दिसलं?" आईचा आवाज: लॅबचं नाव, हिरवी खूण. मग आईच: "अगं वैशू, मी सकाळी मोरीत पडले, हात सुजलाय, तू येतेस का..." आणि त्यावर माझा आवाज, अगदी स्पष्ट, हसरा, ऑडिटला आवडेल असा: "हो हो. छान. ठेव."

मी ते ऐकून बाथरूममध्ये जाऊन रडले. भुताला नाही, त्या "छान"ला.

पण माणूस किती कोडगा असतो बघा. रडून झाल्यावर मला सुमनचाच राग आला. माझ्या आईला, माझ्या जागी, ही कोण टवळी! मी इरफानच्या मागे लागले. नियम गेला खड्ड्यात, थेट सर्व्हरवरून उडव. तो नको म्हणत होता. "मॅडम, वो किसी का बुरा तो नहीं कर रही," असं दोनदा म्हणाला. पण मी ऐकेना. शुक्रवारी दुपारी त्याने नोंद मुळापासून पुसली. मी लगेच नंबर लावला. "हा नंबर अस्तित्वात नाही." इतकं छान वाटलं ऐकून.

बरोबर चार दहाला मी आईला फोन केला. आता मला उत्तर माहीत होतं.

"आई, मी वैशू. विचार प्रश्न."

"गेल्या... त्या मंगळवारी मी तुला काय सांगितलं?"

"तू मोरीत पडलीस. हात सुजला. मला ये म्हणालीस. आई, मला माफ कर गं..."

ती मग शांतपणे म्हणाली, "हे रेकॉर्डिंग ऐकून कुणीही सांगेल."

हेही मीच शिकवलं होतं. वहीत असणार तिच्या, पान नंबरासकट. मी फोन हातात धरून बसून राहिले. माझी ओळख पटवायला माझ्याकडे एकही गोष्ट उरली नव्हती. जे मला माहीत होतं ते सगळं रेकॉर्डवरचं होतं, आणि रेकॉर्डबाहेर आईशी मी वर्षानुवर्षं काही बोललेच नव्हते.

शनिवारी गेले तिच्याकडे. समोर होते म्हणून घरात घेतलं, खिचडी केली एका हाताने, मला करू दिली नाही. चार वाजल्यापासून मोबाईल मांडीवर. साडेचार. पाच. "बॅटरी तर भरलेली आहे," म्हणाली. मी म्हटलं, आई, माझ्याकडे चल राहायला. "नको, सुमनचा फोन इथे येतो." मी म्हटलं, अगं मोबाईल कुठेही येतो. ऐकायला तयार नाही. रविवारीही तेच. शेजारच्या काकू नंतर म्हणाल्या, दोन दिवस जेवण तसंच झाकून ठेवलेलं असायचं.

सोमवारी दुपारी अडीचला त्याच काकूंचा फोन आला. तुझी आई पिशवी घेऊन गेली गं, प्लास्टरच्या हाताने, सटाण्याची गाडी कुठून सुटते विचारत होती.

मी कशी पोचले बसस्टँडवर ते सांगता येणार नाही. सगळे फलाट पालथे घातले. शेवटच्या बाकावर बसलेली दिसली. पिशवी मांडीवर, पिशवीत तिची एक साडी आणि डब्यात शेंगदाण्याचे लाडू. जीव भांड्यात पडला माझा, आणि मी तिच्यावर ओरडले. ओरडलेच, लोक बघत होते.

"कुठे निघालीस? कुणाला विचारून?"

"सुमनचं काहीतरी झालंय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तीन दिवस फोन नाही. पडली असेल कुठेतरी. तिला कोण आहे गं तिथे? कुणी विचारायला तरी जायला नको?"

तिला सांगायचं, अगं ती नाहीच, मी बनवली होती ती, डाळिंब खाता खाता? मी शेजारी बसले. मालेगाव, सटाणा, कळवण असं ओरडत कंडक्टर फिरत होते. एक सटाणा गाडी समोर लागली आणि आई उठली. मी तिचा हात धरला, प्लास्टरचा, आणि म्हटलं, "थांब. चार दहापर्यंत थांब. नाही आला तर मी स्वतः येते तुझ्याबरोबर सटाण्याला."

ती बसली. मी मोबाईल काढला, ऑफिसचं पान उघडलं आणि कोरा फॉर्म भरायला घेतला. सुमन आरोग्य सेवा. सौ. सुमन देसले. तोच नंबर. पाच उत्तरं या वेळी मुद्दाम निराळी, आधी दिली होती त्याच्याशी काही संबंध नसलेली. 'चाचणी नोंद'चा चौकोन तसाच रिकामा ठेवला. या वेळी विसरून नाही.

वरिष्ठ म्हणून मला एकटीला मंजुरी देता येते. पण मंजुरीच्या आधी एक शपथेचं वाक्य येतं आणि त्यापुढे खूण करावी लागते. नऊ वर्षांत त्या वाक्यापुढे मी एकदाही खोटी खूण केली नव्हती. लोक मला हसायचे त्यावरून. आई माझ्या शेजारी पदराच्या टोकाने चष्मा पुसत होती. चार वाजून सात मिनिटं झाली होती. मी खूण केली.

चार दहाला आईचा फोन वाजला.

"अगं कुठे होतीस तू तीन दिवस?" आई जवळजवळ ओरडली, आणि मग अहिराणीत सुरू झाली. हसत होती, रागावत होती, लाडवांचं सांगत होती. निम्मं मला कळलं नाही. मला अहिराणी येत नाही, मी कधी शिकलेच नाही. सटाण्याची गाडी आमच्या समोरून निघून गेली.

आता जून संपत आलाय. प्लास्टर निघालं. मी दर बुधवारी आणि रविवारी आईकडे जाते, बोलतो आम्ही, आता बरंच बोलतो. पण फोनवर ती अजून मला ओळखत नाही. प्रत्येक वेळी नवा प्रश्न, आणि मी नापास. आता मी असले की चार दहाचा फोन येत नाही, मी नसले की येतो. मी एकदा उलटा फोन करून सुमनला तेच पाच प्रश्न विचारले. नवी उत्तरं पाचही बरोबर. लाइन कुठून येते, इरफानला सापडलेलं नाही. त्याने शोधणं थांबवलंय, आणि मला वाटतं, तो तिला घाबरत नाही, मलाच थोडा घाबरतो.

माझ्याकडे याचं काही स्पष्टीकरण नाही. कुणी यंत्रणेतला दोष म्हणेल, कुणी मनाचे खेळ म्हणेल. आईचा हात तर खरंच मोडला होता आणि तिला एक्स-रेपर्यंत कुणीतरी खरंच नेलं होतं. नोंद दर तीन महिन्यांनी नव्याने मंजूर करावी लागते, नाहीतर बंद पडते. पहिली मुदत परवा संपत होती. माझ्या स्क्रीनवर तेच वाक्य आलं, 'सदर व्यक्ती अस्तित्वात असल्याची मी स्वतः खात्री केली आहे.' मी दिवसभर ते उघडं ठेवून बसले. चार वाजता खूण केली.